रोज पाणी घालूनही झाडं का वाळतात? कोरड्या हिवाळ्यातल्या बागेची तपासणी

हिवाळा कोरडा गेला की एकच वाक्य माझ्या कानावर येत राहतं: "अहो, पाणी तर रोज घालतो, तरी झाड वाळतंय." ओळखीपाळखीच्यांच्या बागा बघता बघता हा दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की फाटकातून आत शिरतानाच अर्धा अंदाज येतो. पाणी दिलेलं असतं, पण मुळांना मिळालेलं नसतं. वर भिजतं, वाहून जातं, खोडापाशी मुरतं, नळीतच अडतं, आणि मूळ कोरडंच राहतं. म्हणून पाणी नेमकं कुठे जातंय ते कळेपर्यंत नळ आणखी उघडू नका. पाण्याची आधीच ओढ असताना तर नाहीच.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्यात. मधला भाग अजून हिरवा आहे.
- झाडाने मान टाकलीय आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ते सावरत नाही. दुपारी सुकून संध्याकाळी उभं राहणाऱ्या झाडाची एवढी काळजी नको. सकाळी सातला मलूल दिसणारं झाड खरोखर अडचणीत असतं.
- हिरवळीवरून चाललं की पावलांचे ठसे तसेच उमटून राहतात, आणि हिरव्या रंगावर निळसर-राखाडी झाक आलीय.
- कुंडीत पाणी ओतताच तळातून बाहेर येतं, पण कुंडी उचलली तर हलकीच लागते.
- वाफ्यातली माती कडेच्या विटांपासून सुटलीय, भेगा पडल्यात.
- ठिबकच्या ओळीतली पहिली झाडं टवटवीत, शेवटची तीन-चार मरगळलेली.
- माती ओली आहे, तरी पानं पिवळी आणि झाड मलूल. हे लक्षण बाजूला काढून ठेवा, याचा उपाय उलटा आहे.

पानगळीची झाडं थंडीत पानं गाळणारच, तो दोष नव्हे. फांदीवर कळ्यांचे डोळे टणक आणि फुगीर असतील तर त्या झाडाला त्याच्या पद्धतीने झोपू द्या.

हिवाळा फसवतो कारण आपल्याला घाम येत नाही. ऊन कोवळं, सकाळी पानांवर दव, मग झाडाला तहान कशी लागेल असं वाटतं. पण आकाश निरभ्र असतं, हवा कोरडी असते, वारा सुटलेला असतो, आणि सदाहरित झाडांची पानं या सगळ्यात पाणी सोडतच राहतात. दुसरीकडे माती गार झाल्यामुळे मुळं पाणी ओढतात सावकाश. शेवटचा चांगला पाऊस होऊन दोन-अडीच महिने झाले की जमिनीच्या पोटातली ओल संपत येते, आणि दव काही मुळापर्यंत पोचत नाही. म्हणजे खर्च चालू, आवक थांबलेली. पानांच्या कडा करपायला लागतात तोवर हे चालू होऊन बरेच आठवडे झालेले असतात.

पहिली तपासणी: सळई

फुकटातली आणि सगळ्यात उपयोगी. बोटाने कळते ती वरच्या चार-पाच सेंटिमीटरची ओल, आणि घोटाळा तिथेच होतो. वर ओलसर लागलं की आपण समाधानाने हात झटकतो. दीड-दोन फूट लांबीची बोटभराहून बारीक लोखंडी सळई घ्या, नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हर. पाणी दिल्यावर एक दिवस जाऊ द्या आणि मग ती हाताच्या जोराने सरळ खाली दाबा. ओल्या मातीत ती सुरीसारखी जाते, कोरडी माती लागली की थांबते. जिथे थांबली तिथे अंगठा धरून सळई उपसा आणि मोजा. दगड लागला तर 'टक्' असा आवाज येतो. कोरडी माती नुसतीच अडवते. शंका आली तर वीतभर बाजूला पुन्हा बघा.

प्रत्येक झाडाखाली तीन ठिकाणी हे करा: खोडाजवळ, फांद्यांच्या टोकाखाली, आणि या दोन्हींच्या मध्ये. मोठ्या झाडाला तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर ओल हवी, झुडपांना तीस, हिरवळीला पंधरा पुरे.

मग खुरप्याने खालची मूठभर माती काढून मुठीत दाबा. गोळा झाला आणि टिचकी मारल्यावर फुटला तर वाफसा आहे, म्हणजे मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे. यापेक्षा चांगली स्थिती नाही, त्या दिवशी पाणी देऊ नका. गोळा चकाकला, बोटांच्या फटींतून चिखल निघाला तर ओल जास्त. भुगा झाला तर कोरडी. वाळूसर मातीचा गोळा ओली असतानाही धड होत नाही, तिथे सळईवरच भिस्त ठेवा.

यातून तीनच निकाल निघतात. वर ओलं आणि खाली कोरडं, हे सर्वात जास्त वेळा. वरपासून खालपर्यंत कोरडं असेल तर सरळ ठिबक आणि गळतीच्या तपासणीवर जा. वरपासून खालपर्यंत ओलं आणि तरी झाड सुकलेलं असेल तर आजच्या आज पाणी थांबवा आणि शेवटून दुसरी तपासणी आधी करा. पाणी जास्त झाल्यावर मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे वर दिसतं ते तहानलेल्या झाडासारखंच. आपण आणखी पाणी घालतो आणि काम तमाम होतं.

सळई हातात आहे तोवर एक पांढरा कागदही घ्या. करपलेल्या फांदीखाली धरा आणि फांदीला दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले मिरीच्या पुडीसारखे ठिपके चालायला लागले तर ते पानांचा रस शोषणारे बारीक कोळी (माइट) आहेत. कोरड्या हवेत त्यांचं फावतं. पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा मारून, तीन-चार दिवसांनी पुन्हा एकदा, बरेचसे उतरतात.

दुसरी: वेळापत्रक, आणि प्रत्यक्षात किती पाणी पडतं

इथे बादली लागेल आणि थोडं गणित.

एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पडलं की एक मिलिमीटर पाऊस झाला असं समजायचं. पूर्ण वाळलेली जमीन तीस सेंटिमीटर खोल भिजवायला वाळूसर मातीला चौरस मीटरमागे साधारण २५ लिटर लागतात, पोयट्याला ४० ते ५०, चिकण मातीला त्याहून थोडे अधिक. आता तुमच्या नळीखाली १५ लिटरची बादली ठेवा. समजा मिनिटाला भरली. २० चौरस मीटरच्या वाफ्यावर तुम्ही रोज सकाळी पाच मिनिटं नळी फिरवता. ७५ लिटर झाले. ऐकायला भरपूर वाटतात, पण चौरस मीटरमागे हिशेब येतो पावणेचार लिटर. कोरड्या मातीत ते वरची दोन-चार सेंटिमीटर भिजवतं आणि दुपारच्या वाऱ्यात उडून जातं. दुसऱ्या दिवशी तेच. महिन्याला सव्वादोन हजार लिटर पाणी जातं आणि मुळापर्यंत थेंब जात नाही.

याच पाण्याचे मोठे, लांब अंतराचे हप्ते करा. एका दिवशी वाफ्याचा एकच भाग घ्या आणि तो खोलवर भिजवा, दुसऱ्या दिवशी पुढचा. पुन्हा कधी द्यायचं ते तारखेवरून ठरवू नका, सळईला विचारा. खोल भिजलेल्या मातीत मुळं खाली उतरतात आणि खालची ओल हिवाळ्यात लवकर उडत नाही. रोजच्या शिडकाव्याने मुळं वरवरच पसरतात, आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं. त्यावरून आपण समजतो की याला रोजच पाणी लागतं.

चिकण माती एवढं पाणी एका दमात पीत नाही, वरून ओहोळ वाहायला लागतो. तिथे दहा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, पुन्हा दहा मिनिटं. उतारावरही हेच.

वेळ सकाळची, ऊन अंगावर आल्यावरची. रात्रभर ओली राहिलेली पानं तांबेऱ्यासारख्या बुरशीला आमंत्रण देतात. जिथे थंडीने दव गोठतं तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा: ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब जास्त साठवते, म्हणून कडाक्याच्या रात्रीआधी सकाळी दिलेलं पाणी झाडाला सांभाळतं. जमीन गोठलेली असताना मात्र पाणी घालण्यात अर्थ नाही, ते आत शिरतच नाही.

टायमर असेल तर त्याची पाटी उघडून बघा. एका बागेत मी माती, खत, कीड असं सगळं तपासत तीन आठवडे घालवले होते. शेवटी दोष निघाला टायमरमध्ये. वीज जाऊन आली, आतला सेल कधीचा संपलेला, आणि यंत्र आपलं कारखान्यातून आलेल्या ठरीव कार्यक्रमावर गेलं: रोज दहा मिनिटं. मालकांनी लावलेला 'चार दिवसांनी सव्वा तास' कधीच पुसला गेला होता. सेल बदलला, कार्यक्रम पुन्हा भरला. तेव्हापासून मी हे दुसऱ्याच नंबरला तपासतो.

तिसरी: पाणी पडतंय कुठे

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पाच वर्षांचं झाड, डोक्यावर तीन मीटरची छत्री, आणि आळं मात्र रोप लावलं तेव्हाचं, परातीएवढं, खोडाला चिकटून. पाणी ओढणाऱ्या बारीक मुळ्या खोडापाशी फारशा नसतात. त्या असतात फांद्यांच्या टोकाखाली आणि त्याच्याही पलीकडे, बहुतेक वरच्या तीस-पंचेचाळीस सेंटिमीटरमध्ये. खोडाशी साठलेल्या पाण्याने बुंध्याची साल कुजते, बाकी काही होत नाही.

आळं दरवर्षी बाहेर सरकवा. जुनं मातीने भरून खोडाकडून बाहेर हलका उतार द्या आणि फांद्यांच्या टोकाखाली बांगडीसारखा नवा चर काढा. चर वीतभर रुंद आणि चार बोटं खोल पुरे, जास्त खणलंत तर त्याच मुळ्या तुटतील. ठिबक असेल तर ड्रिपरही (नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या) तिथे न्या आणि संख्या वाढवा. दोन मीटर रुंद छत्रीच्या झाडाखाली साधारण तीन चौरस मीटर जमीन असते. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर अर्धा तास चालले तर झाडाला मिळाले ४ लिटर, चौरस मीटरमागे जेमतेम सव्वा लिटर. मघाचे २५ ते ५० लिटर आठवा.

चौथी: माती पाणी आत घेते का

फार कोरडी पडलेली माती पाण्याला चक्क नकार देते. कुजलेल्या पाल्यातल्या मेणचट पदार्थांचं पातळ कवच कणांवर बसतं आणि पाणी वरून घरंगळतं. वाळूसर मातीत आणि कोकोपीट भरलेल्या कुंड्यांत हे फार दिसतं. परीक्षा सोपी आहे: वरची कचरा-काडी बाजूला सारा आणि कोरड्या मातीवर पाण्याचे चार थेंब सोडा. लगेच जिरले तर ठीक. पाच सेकंदांनंतरही थेंब मोत्यासारखे उभे असतील तर माती पाणी झिडकारतेय.

कुंडी असेल तर टबात पाणी घेऊन ती निम्म्याहून जास्त बुडेल अशी ठेवा. आधी बुडबुडे येतील. ते थांबले आणि वरची माती काळपट झाली की बाहेर काढून निथळू द्या. अर्धा-पाऊण तास लागतो, घाई करू नका. वाफ्यात दाताळ्याने किंवा सळईने वीतभर अंतरावर भोकं पाडा, अगदी थोडं पाणी शिंपडून वीस मिनिटं थांबा आणि मग खरं पाणी द्या. पहिल्या शिंपडण्याने कवच मऊ पडतं, दुसरं पाणी आत जातं. भांड्याच्या साबणाचे थेंब घालायचा सल्ला लोक देतात. बादलीला दोन-चार थेंबांनी काम होतं हे खरं, पण पुढच्या वेळी हात सैल सुटतो, म्हणून मी सुचवत नाही.

याच घराण्यातला एक दोष वरून दिसत नाही. गेल्या वर्षी लावलेलं, वाढच न झालेलं एक जास्वंदीचं रोप मी उपटून बघितलं. आजूबाजूची माती छान ओली होती. पण रोपवाटिकेच्या पिशवीतला मातीचा गोळा वर्षभरानंतरही जसाच्या तसा, पिशवीची घडी उमटलेली, विटेसारखा कडक आणि आतून पार कोरडा. मुळं त्या गोळ्याभोवती चुंबळीसारखी गुंडाळलेली. दोन वेगळ्या पोताच्या माती एकमेकींना चिकटून असल्या की पाणी एकीतून दुसरीत सहज जात नाही, आणि सगळी मुळं तर त्या गोळ्यातच. दोन-तीन वर्षांच्या आतलं रोप असेल तर खोडापासून चार बोटांवर, म्हणजे मूळच्या गोळ्यातच, सळई खुपसून बघा. गोळा कोरडा निघाला तर तिथे वेगळी बारीक धार सोडून तो भिजवावा लागतो, सावकाश, दोन-तीन वेळा. बाहेर पाणी घालण्याचा नियम अशा रोपांना लागू नाही, त्यांना गोळ्यातही हवं आणि गोळ्याबाहेरही.

पाचवी: आच्छादन

पालापाचोळा, भुसा, सालीचे तुकडे, जे हाताशी असेल ते पाच ते आठ सेंटिमीटर जाड. जमीन झाकली की ऊन-वारा थेट लागत नाही आणि ओल टिकते, हे सगळ्यांना माहीत असतं. उचलून कोणी बघत नाही. मोठी चपटी पानं एकावर एक बसून पुठ्ठ्यासारखी झालेली असतात आणि पाणी त्यांच्यावरूनच ओघळून जातं. ताज्या कापलेल्या गवताचा जाड थरही असाच दबतो. दाताळ्याने उलटापालटा करा, पानं चुरून टाका. ठिबकची नळी आच्छादनाच्या खाली हवी, वर नको. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल सडते आणि उंदीर-घुशींना आयता आडोसा मिळतो.

आच्छादनाला काहीच नसेल तर खुरपं आहे. शेतकरी म्हणतात, एक कोळपणी अर्धं पाणी. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती हलवून भेगा बुजवल्या की खालची ओल त्यांतून उडत नाही, आणि तण निघालं की पाण्यातला एक वाटेकरी कमी होतो.

सहावी: ठिबक

आता हात मळतील. क्रम पाळा, नाहीतर साफ केलेल्या ड्रिपरमध्ये पुन्हा गाळ जाईल.

आधी फिल्टर. पाणी बंद करून जाळी काढा आणि उजेडासमोर धरा. भोकं दिसायला हवीत. मऊ ब्रशने धुवा. फाटलेली जाळी धुण्यात अर्थ नाही, बदला. घरच्या ठिबकला १२० मेशची जाळी साधारण पुरते. मग प्रत्येक नळीच्या टोकाची एंड कॅप उघडून पाणी सोडा. आधी तांबूस गढूळ पाणी येतं, मग शेवाळाचा एखादा बुळबुळीत लोळ, आणि एकदम फुर्रकन स्वच्छ धार. एकदा माझ्या हातावर छोटी गोगलगाय येऊन पडली होती. तिच्यामुळे शेवटची चार झाडं महिनाभर उपाशी होती. एका वेळी एकच टोक उघडा, सगळी एकदम उघडली तर जोर राहत नाही आणि गाळ हलत नाही.

त्यानंतर वाटी-परीक्षा. ओळीतल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली सारख्या वाट्या ठेवा, तीन मिनिटं पाणी गोळा करा आणि मोजा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून तीन मिनिटांत २०० मिलिलिटर यायला हवं. सगळीकडे सारखंच कमी आलं तर फिल्टर किंवा दाब. अधूनमधून एखादाच कमी असेल तर तो ड्रिपर तुंबलाय. सुरुवातीला ठीक आणि पुढे घटत गेलं तर नळी फार लांब झालीय, मध्ये चिरडलीय, किंवा कुठेतरी फुटलीय. शेवटचा पहिल्याच्या पाऊण भागाहूनही कमी देत असेल तर टायमर वाढवून काही होणार नाही. पहिली झाडं बुडतील आणि शेवटची तरीही वाळतील.

दाबाबद्दल थोडं. साधारण ठिबक एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर चालेल अशी बनवलेली असते, म्हणजे दहा मीटर उंचीवरून येणारं पाणी. टाकी तीन-चार मीटरवर असेल तर दाब मिळतो एक-तृतीयांश. अशा ठिकाणी दाब-नियंत्रित ड्रिपर धड चालत नाहीत. कमी दाबावर चालणारे साधे ड्रिपर, छोट्या ओळी, आणि एका वेळी एकच ओळ चालू, एवढ्यावर निभावतं.

तुंबलेला ड्रिपर टाचणीने टोकरू नका. भोक मोठं होतं आणि मग तो एकटाच सगळं पाणी पितो. पांढरा क्षार असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, धुवा, नाही सुटला तर नवा लावा. संपूर्ण नळीत आम्ल सोडून साफ करण्याची पद्धत आहे, पण ती जाणकाराकडूनच करून घ्या. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र आणू नका, क्लोरीन वायू निघतो.

सातवी: गळती

घरातले आणि बागेतले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी जमिनीखाली पाणी जातंय. मीटर नसेल तर टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करा. बागेचा वेगळा कॉक असेल तर तो बंद करून आणि उघडा ठेवून, असं दोनदा करा, म्हणजे गळती घरात की बागेत ते ठरतं. वाळलेल्या हिरवळीत एकच तुकडा हिरवागार दिसला तर आनंदू नका, आधी तिथे खणा.

आठवी: क्षार

माती ओलसर, मुळं धडधाकट आणि तरी कडा करपतात, शिवाय कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी पापडी आहे? मग क्षार साठलेत. थोडं-थोडं पाणी देण्याचा हाही परिणाम: पाणी उडतं, त्यातलं मीठ मागे राहतं, आणि पाऊस नसल्यामुळे ते धुऊन जात नाही. मातीतच मीठ वाढलं की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. पापडी खरवडून टाका आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश आरपार जाऊ द्या. तळाचं भोक मोकळं असेल तरच.

पाण्याची ईसी (विद्युत वाहकता, जिच्यावरून पाण्यातले क्षार कळतात) मोजून घ्या. ०.७ डेसीसिमेन प्रति मीटरच्या आत असेल तर पाण्याकडे बोट दाखवू नका. ३ च्या वर असेल तर नाजूक झाडं त्यावर टिकणार नाहीत. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून आलेलं पाणी झाडांना नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. धुण्याचं पाणी वापरत असाल तर एक पाळी ते, एक पाळी साधं असं करा, एक दिवसाहून जास्त साठवू नका, आणि पानांवर मुळीच नको. ताणावर असलेल्या झाडाला युरिया घालून 'ताकद' देऊ नका. खत म्हणजेही मीठच, आणि त्याने फुटलेली कोवळी पालवी जास्त पाणी मागते. हिवाळ्यात जोरदार छाटणीही याच कारणाने टाळा.

नववी: निचरा आणि मुळं

वरपासून खालपर्यंत ओलं निघालेल्यांनी इथे यायचं. झाडापासून थोडं दूर फूटभर खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी किती वेगाने उतरते ते मोजा. तासाला अडीच सेंटिमीटरहून कमी उतरली तर निचरा मंद आहे. मग एका बाजूने हलक्या हाताने माती सारून बारीक मुळी काढा. पांढरी, टणक असेल तर बरं. तपकिरी असेल, कुबट वास येत असेल आणि चिमटीत ओढल्यावर साल मोज्यासारखी निघून आत दोरा राहत असेल तर मूळ कुजलंय. कुंडीतल्या झाडाचं कुजकं छाटून नव्या मातीत लावता येतं. जमिनीतल्या मोठ्या झाडाला पाणी बंद करून वाफसा येऊ देणं आणि साठलेल्या पाण्याला वाट काढून देणं, एवढंच आपल्या हातात असतं.

दहावी: सगळ्यांना पुरेल एवढं पाणी नसेल तर

ही दुरुस्ती नाही, निवड आहे, पण ती करावीच लागते. आधी पहिल्या दोन-तीन वर्षांतली झाडं, मग मोठी जुनी झाडं, मग झुडपं. हिरवळ सगळ्यात शेवटी. हिरवळ पुन्हा एका मोसमात उभी राहते, वीस वर्षांच्या झाडाला वीसच वर्षं लागतात. शिवाय तपकिरी गवत नेहमी मेलेलं नसतं. एक झुबका धरून ओढा; धरून राहिला आणि बुडाशी पांढरट-हिरवा कोंब दिसला तर झोपलंय, अलगद हातात आला तर गेलंय. कापताना उंच ठेवा, एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त नको.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मोठं झाड शेंड्याकडून वाळत येतंय, खोडाला उभी चीर गेलीय, बुंध्याशी अळंबी उगवलीय किंवा झाड कलायला लागलंय: वृक्षतज्ज्ञ. तुम्ही शिडी लावू नका आणि त्याखाली गाडीही उभी करू नका.

पंप किंवा टायमरच्या पेटीत पाणी शिरलंय, हात लावल्यावर झिणझिण्या येतात: हात काढा, ओल्या जागेत उभं न राहता मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे 'जरा बघतो' म्हणायचं काम नव्हे.

मीटर हलतोय पण गळती सापडत नाही, किंवा ओल घराच्या पायाकडे सरकतेय: प्लंबर, आणि त्याच आठवड्यात.

एकामागून एक शेजारची झाडं त्याच लक्षणांनी जात असतील तर आणखी प्रयोग नकोत. माती आणि मुळांचा नमुना माती परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेत किंवा वनस्पती रोगतज्ज्ञाकडे द्या. ईसी ३ च्या वर निघाली तरी तिथेच जा. वेगवेगळी बुरशीनाशकं ओतून बघणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

येणाऱ्या माणसाच्या हातात तीन गोष्टी द्या: सळई कुठे किती खोल गेली, वाट्यांत किती मिलिलिटर आलं, आणि गेल्या महिन्यात काय-काय बदललं. त्याचा अर्धा दिवस वाचतो.

दरम्यान, झाड मेलंय असं वाटलं तरी कुऱ्हाड काढू नका. बारीक फांदीवर नखाने साल खरवडा. खाली हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत आहे. तपकिरी कोरडं दिसलं तर खाली सरका, जाड फांदीवर, मग खोडावर. एका लिंबाच्या झाडाला मी असं खरवडत खरवडत गुडघ्यापर्यंत आलो तेव्हा कुठे हिरवं लागलं. जिथे हिरवं लागेल तिथे सुतळी बांधून तारीख लिहून ठेवा, तीन आठवड्यांनी सुतळीखाली दोन बोटांवर पुन्हा खरवडा, आणि करवत नवी पालवी कुठून फुटते ते दिसल्यावरच बाहेर काढा.